दोन फौजांची तुलना कशी मांडावी

एसएसबीच्या (लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या) लेक्चरेटला, म्हणजे चिठ्ठीवर आलेल्या विषयावरच्या छोट्या भाषणाला, तीन मिनिटं मिळतात. ‘भारत आणि चीनचं लष्करी बळ’ अशी चिठ्ठी हाती आली की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांतून तयारी करून गेलेले बरेच उमेदवार ग्लोबल फायरपॉवर या संकेतस्थळाच्या लष्करी क्रमवारीतला क्रमांक सांगून मोकळे होतात. त्या यादीत 2022 साली रशिया दुसरा होता आणि युक्रेन बाविसावा. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. शिवाय त्या गणितात अण्वस्त्रं धरलेलीच नसतात.

म्हणून आधी प्रश्न लहान करा. ‘कोण बलवान?’ याला उत्तर नाही. ‘लडाखमध्ये 15,000 फुटांवर एका आठवड्यात कोण किती जवान लढायला उभे करेल?’ याला उत्तर शोधता येतं.

मग माणसं मोजा. तिन्ही दलं मिळून चीनची खडी फौज साधारण 20 लाख, भारताची साडेचौदा लाखांच्या आसपास. पण फक्त भूदल घेतलं तर चीनचं दहा लाखांच्या आत येतं आणि भारताचं बारा लाखांवर जातं, म्हणजे क्रमच उलटतो. राखीव सैनिक आणि निमलष्करी दलं यांचे रकाने वेगळे ठेवा. आपली सीमा सांभाळणारे बीएसएफ आणि आयटीबीपी गृह मंत्रालयाकडे आहेत. आसाम रायफल्सचा कारभार गृह खात्याचा, पण मोहिमांचा ताबा लष्कराचा. चीनचं सशस्त्र पोलीस दलही वीस लाखांत धरलेलं नाही. एका देशाचं निमलष्करी दल मिळवलं आणि दुसऱ्याचं वगळलं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. फिनलंडसारख्या देशाची खडी फौज चिमुकली दिसते, पण युद्धकाळात ते 2 लाख 80 हजार प्रशिक्षित माणसं बोलावू शकतात. उलट अफगाणिस्तानात पोलीस धरून कागदावर तीन लाख होते, त्यातली कित्येक नावं नुसती पगारपत्रकावरची. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं.

पैशाचा रकाना पटकन उरकता येतो, फक्त दोन गोष्टी सांभाळा. सिप्री या स्टॉकहोमच्या संशोधन संस्थेचे 2024 च्या लष्करी खर्चाचे आकडे असे: अमेरिका 997 अब्ज डॉलर, चीन 314 (हा अंदाज, सरकारी आकडा बराच कमी), भारत 86. हे बाजारभावाच्या विनिमय दराने काढलेले असतात. जवानाचा पगार रुपयांत जातो, राफेलचे पैसे युरोत. म्हणून क्रयशक्तीचा हिशेब (तेवढ्या पैशात त्या देशात किती मिळतं) पगाराला लावा, आयातीला नको. दुसरं म्हणजे, आपल्या 2025-26 च्या 6.81 लाख कोटींच्या तरतुदीतले सुमारे 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. भांडवली खर्च 1.80 लाख कोटी.

प्रशिक्षणाची तुलना आठवडे मोजून केली की हमखास फसते. अमेरिकेची अधिकारी अकादमी वेस्ट पॉइंट चार वर्षं, ब्रिटनची सँडहर्स्ट 44 आठवडे. म्हणून अमेरिकी अधिकारी चौपट तयार, असं नाही. वेस्ट पॉइंटमध्ये पदवी धरलेली असते, सँडहर्स्टला बहुतेक जण पदवी घेऊनच येतात. त्यामुळे खडकवासल्याच्या एनडीएची तीन वर्षं आणि डेहराडूनच्या लष्करी अकादमीचं एक, ही जोडी वेस्ट पॉइंटसमोर ठेवा. सँडहर्स्टसमोर चेन्नईच्या ओटीएचे (अधिकारी प्रशिक्षण अकादमीचे) 49 आठवडे. त्यानंतरचा शाखेचा अभ्यासक्रमही विसरू नका: आपला इंजिनिअर अधिकारी कमिशननंतर दापोडीच्या सीएमईत (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात) शिकायला येतो, तेही प्रशिक्षणच. जवानांचंही तसंच. अमेरिकी भूदलाचं मूलभूत प्रशिक्षण 10 आठवड्यांचं म्हणतात, पण पायदळाचा रंगरूट सलग 22 आठवडे शिकतो. भरतीची 1.6 किलोमीटर धाव म्हणजे नुसती चाळणी. ती प्रशिक्षणात मोजू नये.

खरा फरक तुकडीच्या सरावात दिसतो. वैमानिकाला वर्षाला किती तास उड्डाण मिळतं (नाटोचा मापदंड 180 तासांचा), शत्रूची भूमिका करणारी कायमची तुकडी आहे का (अमेरिकेत फोर्ट अर्विनला, चीनमध्ये झुरीहला आहे), रात्री आणि खऱ्या दारूगोळ्यावर किती सराव होतो, हे शोधा. संयुक्त सरावांवरून मात्र बळ मोजू नका. पुण्याजवळ औंधला 2014 मध्ये चीनबरोबर ‘हँड इन हँड’ झाला तो दहशतवादविरोधी होता. 2016 चा 18 देशांचा ‘फोर्स 18’ शांतिरक्षण आणि भूसुरुंग हटवण्याचा. दोन्हींत पाहुणे आपली खरी युद्धपद्धती दाखवत नाहीत, आपणही नाही.

आता लडाखकडे या. आपल्या लष्कराच्या नियमानुसार मैदानातून आलेला जवान 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, 15,000 पर्यंत चार आणि त्याच्या वर आणखी चार दिवस विरळ हवेला रुळतो. एकूण 14. तेव्हा आठवड्याच्या हिशेबात पुण्याहून निघालेली बटालियन धरायचीच नाही. आधीपासून वर असलेलेच मोजा. समोरच्या बाजूला हाच निकष लावा: तिबेटच्या पठारावर कायम राहणाऱ्या तुकड्या एका रकान्यात, सखल प्रांतांतून येणाऱ्या दुसऱ्यात.

शेवटी साठा आणि तयारी. कॅगच्या 2017 च्या अहवालात 152 प्रकारच्या दारूगोळ्यापैकी 61 प्रकार दहा दिवसही पुरणारे नव्हते, निकष 40 दिवसांचा असताना. आकडा सप्टेंबर 2016 चा आहे. आजचा म्हणून सांगितलात तर जीटीओ (लेक्चरेट घेणारा परीक्षक अधिकारी) तिथेच पकडेल. विमानांचंही तेच: हवाई दलाला मंजूर 42 स्क्वाड्रन, सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 गेल्यावर उरल्या 29. आणि असलेलं प्रत्येक विमान उडण्याजोगं नसतं. अमेरिकी लेखापालांना मार्च 2023 मध्ये एफ-35 पैकी 55 टक्केच मोहिमेला सज्ज आढळली. प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहा, दोन स्रोत जुळले नाहीत तर ‘इतके ते इतके’ म्हणा, आणि तीन मिनिटांतलं पहिलं अर्धं मिनिट प्रश्न नेमका करण्यात घालवा.