अमेरिकेत एमएसला निघालाय? टीम प्रोजेक्टवाला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग कोर्स घ्यायच्या आधी हे वाचा

फॉल सेमिस्टर ऑगस्टमध्ये चालू होतं, पण रजिस्ट्रेशन बरेचदा त्याच्या कितीतरी आधी उघडतं, म्हणजे तुम्ही अजून घरीच असता आणि आई बॅगेत भाजणी कोंबत असते. वेळ नीट बघा. युनिव्हर्सिटी ईस्ट कोस्टला असेल तर उन्हाळ्यात तिथले सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, शिकागो-टेक्सासकडे असेल तर साडेसहा. त्याआधी पोर्टलवर होल्ड आहे का ते बघून घ्या, लसींचे कागद किंवा डिग्रीची फायनल मार्कशीट पोचली नाही म्हणून होल्ड लागलेला असतो आणि तो निघेपर्यंत सिस्टिम तुम्हाला कोर्सच घेऊ देत नाही.

दुसरी अडचण प्रीरिक्विझिटची, म्हणजे हा कोर्स घ्यायच्या आधी जे विषय झालेले असावे लागतात त्यांची. डेटा स्ट्रक्चर तुम्ही बीईला केलंय हे त्या सिस्टिमला कुठून कळणार? डिपार्टमेंटच्या ॲडव्हायजरला मेल टाका, सोबत आपल्या विद्यापीठाच्या सिलॅबसची पीडीएफ जोडा. चार ओळी पुरतात, निबंध नको.

सीट भरल्या तर वेटलिस्टला नाव लावा, पण त्या भरवशावर बसू नका. एफ-१ व्हिसावर फुलटाइम असणं सक्तीचं आहे, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ते ९ क्रेडिट असतं, त्यात ऑनलाइन कोर्स एकच धरतात, आणि वेटलिस्टमधला कोर्स तर सीट मिळेपर्यंत नसल्यातच जमा. म्हणून एक बॅकअप कोर्स घेऊनच ठेवा. नंतर काही सोडायचं झालं आणि क्रेडिट कमी पडणार असतील तर आधी इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी, मगच ड्रॉपचं बटण.

आता खरा मुद्दा. सीट मिळाली म्हणजे झालं असं नसतं, पहिल्या आठवड्यात सिलॅबस हातात आला की ॲड-ड्रॉपची (कोर्स घ्यायची-सोडायची) मुदत संपायच्या आत ठरवा की हा कोर्स ठेवायचा की नाही. मी तीनच गोष्टी बघायला सांगेन: टीम कोण पाडतं, एकूण मार्कांत प्रोजेक्टचा वाटा किती, आणि सगळ्या टीमला सरसकट सारखेच मार्क आहेत का. पिअर इव्हॅल्युएशन (टीममधल्यांनी एकमेकांच्या कामाला मार्क देणं) नसेल तर माझ्या मते दुसरा सेक्शन, म्हणजे त्याच कोर्सची दुसरी तुकडी, शोधा, नाहीतर दोघं राबणार आणि बाकीचे फुकट ए घेऊन जाणार.

काही प्रोफेसर टीम पाडायला कॅटमी वापरतात, पर्ड्यू युनिव्हर्सिटीतून आलेलं टूल आहे. त्यात तुम्ही आठवड्यात कधी मोकळे आहात ते विचारतात, तिथे खरं भरा. डायनिंग हॉलमधली नोकरी करणार असाल (सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत चालते) तर त्या शिफ्टच्या वेळा वगळून मग फॉर्म भरा. आणि टीम स्वतः निवडायची असेल तर रूमवरचीच चौघं मराठी पोरं घेऊन बसू नका, मजा येते खरी, पण कामावरून वाजलं की त्याच घरात भांडी कोण घासणार यावरूनही वाजतं.

टीम ठरली की पहिल्याच मीटिंगला गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, बघून घ्या. टर्मिनलमध्ये 'git config user.email' टाकून ईमेल चेक करा, तो गिटहबच्या (टीमचा कोड जिथे ठेवतात ती साइट) अकाउंटला जोडलेला नसेल तर तुमचे कमिट (नोंदवलेले बदल) तुमच्या प्रोफाइलला लागतच नाहीत आणि कॉन्ट्रिब्यूशनच्या ग्राफमध्ये तुम्ही दिसत नाही. कॉलेजचा जुना ईमेल लॅपटॉपमध्ये तसाच राहिलेला असतो, बहुतेकांचं तिथेच चुकतं. शेजारी बसून कोडिंग करत असाल तर कमिटमध्ये को-ऑथर म्हणून दुसऱ्याचं नाव टाकायची सोय आहे, ती वापरा.

एखादा मेंबर पहिल्या स्प्रिंटलाच (कामाच्या एक-दोन आठवड्यांच्या टप्प्याला) गायब असेल तर 'बघू पुढे' म्हणत थांबू नका, टीएला (प्रोफेसरच्या टीचिंग असिस्टंटला) लगेच लेखी कळवा. विथड्रॉची, म्हणजे ॲड-ड्रॉपची मुदत उलटल्यावर कोर्स सोडायची, तारीखही कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, त्यात ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू येतो, फी बहुतेक परत मिळत नाही आणि क्रेडिटचा तोच नियम तिथेही लागतो.