थायरॉइडची गोळी आणि आईची नाडी

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर निम्म्या फेरीतच आईला धाप लागायची. आम्ही वयावर ढकललं. तपासलं तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड मंदावलं की ते वाढतं) वाढलेलं, कोलेस्टेरॉलही. थायरॉइड मंदावलं की यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, ते धमन्यांत साठतं. म्हणून दोन्ही तपासण्या एकदमच करा.

गोळी पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा तासाभरानं, कितीही तलफ आली तरी. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चार तासांनी. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच.

नाडी मात्र रोज बघा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर बोटं टेकवून पूर्ण मिनिटभर मोजा. आईची ७२ असते. बसल्याजागी १०० च्या वर गेली किंवा ठोके चुकायला लागले, तर डोस जास्त होत असेल. गोळी मनानं बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखलं तर मोजत बसू नका, १०८ ला फोन लावा.