क्रॉसबोच्या कळीची लाकडी प्रतिकृती कशी करावी

युरोपातल्या जुन्या क्रॉसबोची, म्हणजे लाकडी दांड्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्याची, गोष्ट निघाली की कौतुक होते ते त्याच्या पोलादी धनुष्याचे. माझ्या मते मात्र खरी करामत ताणलेली दोरी धरून ठेवणाऱ्या आणि सोडणाऱ्या, दांड्यातल्या कळीत आहे, कारण पंधराव्या शतकातल्या मोठ्या क्रॉसबोंची दोरी शेकडो किलोंच्या जोराने ताणलेली असे आणि तरीही ती एका हाताच्या दाबाने सुटे. हे समजून घ्यायचे असेल, तर धनुष्य मुळीच न लावता केवळ कळीची दुप्पट आकाराची प्रतिकृती करावी. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढून हातच्या शिक्षणाला मान मिळवून दिला, त्या बडोद्यात तर हे अवघड नाही; शिवाय लाकूड कातण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले संखेड्याचे खरादी जवळच आहेत.

खराद्याकडून सहा सेंटिमीटर व्यासाची, पाच सेंटिमीटर रुंदीची शिसवी फिरकी, म्हणजे दोरी अडवून धरणारे गोल चाक, कातून घ्यावी. मूळ फिरकी बहुधा हरणाच्या भरीव शिंगाची असे. तिच्या वरच्या बाजूला दोरी अडकेल असे दोन दात ठेवावेत आणि बाणाचे मागचे टोक दोरीला भिडावे म्हणून दातांमध्ये फट राखावी. खालच्या बाजूला आडवी खाच पाडावी व तिच्या पुढच्या भिंतीवर लोखंडी पत्रा बसवावा, कारण सगळी झीज तिथेच होते. जुने कारागीरही नेमक्या याच जागी पोलादाची पाचर ठोकत. आता सागवानी फळीत वरून उघडी गोल खोबण कोरून तीत फिरकी बाजूने सरकवावी. भार खोबणीच्या पुढच्या भिंतीने पेलायचा आहे, म्हणून पुष्कळ जुन्या नगांत फिरकीला धातूचा आस नसे, ती आरपार भोकातून ओवलेल्या दोऱ्याने नुसती जागच्या जागी राखलेली असे.

चापासाठी, म्हणजे बोटांनी दाबायच्या दांडीसाठी, चाळीस सेंटिमीटरची लोखंडी पट्टी घेऊन तिचे पुढचे टोक खाचेत शिरेल अशी वाकवावी आणि टोकापासून पाच सेंटिमीटर मागे खिळीवर बसवावी. इथे घाई करू नये. दोरी फिरकीचा माथा पुढे खेचते, त्यामुळे तिचा तळ मागे जाऊ पाहतो आणि खाचेची पुढची भिंत चापाच्या टोकाला थेट खिळीच्या दिशेने रेटते; ही दिशा साधली, तर बोटांना फक्त घर्षण मोडावे लागते आणि तेही लांब दांडीमुळे हलके होते. भिंत खालच्या अंगाला कलली तर टोक आपोआप निसटते, आत वळली तर कळ अडकून बसते, म्हणून कानशीने थोडे थोडे घासत, मेण लावत, पुन्हा पुन्हा तपासावे.

दोरी फिरकीच्या दातांत अडकवून तिचे टोक मेजाच्या कडेच्या कप्पीवरून सोडून त्याला दोन किलोचे वजन टांगावे आणि वजनाखाली उशी ठेवावी. चापाची शेपटी वर दाबताच टोक खाली उतरते, फिरकी पुढे लोळते, दोरी सुटते. ताणकाटा आधी शेपटीच्या टोकाला आणि मग खिळीजवळ लावून पाहावा; फरक डोळ्यांसमोर येतो.

मूळ शस्त्रात दोरी चढवण्यासाठी कमरपट्ट्याचा आकडा, तरफ, कप्प्यांचा रहाट किंवा दातेरी पट्टीचे यंत्र वापरत. त्यांची प्रतिकृती हा वेगळा उद्योग आहे. एखादा अस्सल जुना क्रॉसबो हाती आलाच, तर त्याची दोरी कधीही ताणू नये, कारण जुन्या पोलादातली केसाएवढी चीर बाहेरून दिसत नाही आणि ताण येताच धनुष्याचे तुकडे उडू शकतात.