कोकणातलं जुनं कौलारू घर आजच्या राहणीसाठी कसं सजवावं

गावचं घर नीट करायचं ठरलं की बहुतेक जण आधी फरशी आणि सोफा बघायला जातात. माझं म्हणणं असं, की आधी एक पावसाळा त्या घरात काढा. पूर्ण जमत नसेल तर जुलैतले आठ-दहा दिवस तरी राहा. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो कुठून आत येतो, कुठली भिंत ओल धरते, दुपारी बारा वाजताही कुठल्या खोलीत दिवा लावावा लागतो, हे मे महिन्यात कळत नाही. वही घ्या, घराचा साधा नकाशा काढा आणि गळती, ओल, अंधार यांच्या खुणा करा. पुढचं सगळं काम या नकाशावरून ठरेल.

सगळीकडे एकच नियम मी पाळते: जे नवं आणाल ते सुटं असू द्या. भिंती, वासे, कोनाडे, उंबरे यांना कायमचं काही चिकटवू नका.

पहिलं काम छपराचं

शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून नीट करून पुन्हा लावणं, मेपर्यंत उरकायची, हे गावात कोणीही सांगेल. कौलं उतरवलेली असतानाच रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) आणि वासे टोचून बघा. पोकळ आवाज आला किंवा टोच्या सहज आत गेला, की तो तुकडा बदलायचा. जुनी मंगलोरी कौलं टाकू नका. कारखान्यागणिक मापात थोडा फरक असतो आणि नवं कौल जुन्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. शे-दीडशे जुनी कौलं पडवीत रचून ठेवा, फांदी पडली की तीच उपयोगी येतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या पट्ट्यात कौलं आणि पत्रे उडाले. त्यामुळे कडेच्या आणि आढ्यावरच्या कौलांची बांधणी नक्की तपासा.

माजघर अंधारं असेल तर दोन-तीन काचेची कौलं बसवा. घर उजळण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

खालून छत मात्र लावू नका. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, म्हणून एप्रिलमध्येही हे घर सुसह्य असतं. जिप्समचं छत लावलं की ही वाट बंद होते. गळती दिसेनाशी होते, उंदीर आणि वाळवी निवांत राहतात. एसी हवाच असेल तर लाकडी माळा असलेली एकच खोली निवडा. उघड्या कौलांखाली एसी लावणं म्हणजे वीज वाया घालवणं.

भिंती: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जांतूनही, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतूनही, ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की पाणी पायाकडून वर चढत राहतं, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. मग रंगाला फुगे येतात, भिंतीला लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. आमच्या ओटीची समोरची भिंत अशीच गेली. गुळगुळीत, पांढरीशुभ्र केली होती. दोन पावसाळ्यांनंतर कमरेएवढ्या उंचीपर्यंत सगळं पोपडून खाली आलं. गिलावा काढला तर आतला चिरा हाताने खरवडला जात होता.

उपाय जुनाच आहे. सुटलेला गिलावा हलक्या हाताने काढा, दर्जा चुन्याने भरा आणि भिंत निदान एक उन्हाळा सुकू द्या. मग चुन्याची सफेदी. विरलेला चुना रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा आणि पातळ तीन हात द्यायचे, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. दाट हात दिला तर भुकटी सुटते. रंग हवा असेल तर त्यात गेरू, पिवळी माती किंवा चिमूटभर नीळ घाला. चुना डोळ्यांना फार वाईट, चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा. एखादी भिंत उघड्या चिऱ्याची ठेवायची आजकाल हौस असते. ती छान दिसते, फक्त त्यावर चकाकणारं लॅकर मारू नका.

जुनं लाकूड

खांब, दारं, झोपाळ्याच्या कड्यांची तुळई यांवर तेलरंगाचे पाच-सहा थर असतात. खाली सागवान किंवा फणस निघेल. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग असावी असा नियम 2016 साली झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगांत शिसं असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवू नका. ओलं करून खरवडा, मुलांना आणि गरोदर बाईला तिथून दूर ठेवा. रंग निघाल्यावर जवसाचं तेल पुरेसं. वाशांच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपल्याकडची रीत चांगली आहे, वाळवी दूर राहते. हात मात्र झाकून घ्या, कातडी भाजते.

वीज आणि दिवे

चिऱ्याच्या भिंतीला खाचा मारून वायरी आत घालू नका. वरूनच पाइप न्या, वाशाच्या कडेने सरळ रेषेत, भिंतीच्याच रंगात. ओलसर घरात चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच ती तोडणारा स्विच) हवाच, इथे पैसे वाचवू नका. दिवे पिवळसर, 2700 केल्विनचे घ्या. पांढऱ्या ट्यूबखाली सागवान राखेसारखं दिसतं. मधोमध एक मोठा दिवा लावण्याऐवजी चार छोटे लावा. पूर्वी समई ठेवायच्या त्या कोनाड्यात लहान एलईडी ठेवला की खोलीचा कायापालट होतो.

सामान

आता सोफा. ओटीवर नको, तिथे झोपाळा आणि लांब बाक हेच बरोबर आहे. माजघरात बुटका, पाय असलेला सोफा ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे. मागे हवा खेळली नाही तर गणपतीपर्यंत पाठीला बुरशी येते. साध्या प्लायचं कपाट इथे टिकत नाही. स्वयंपाकघरात प्लाय वापरायचाच तर आयएस 710 चा मरीन प्लाय घ्या आणि दारांना जाळी ठेवा, जुन्या फडताळाला असायची तशी. स्टीलची सुटी टेबलं त्याहून बरी. समुद्र जवळ असेल तर बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे किंवा 316 ग्रेडच्या स्टीलचे घ्या. खाऱ्या वाऱ्यात 304 वर तांबूस डाग येतात, आणि लोखंडाचं तर विचारूच नका.

जमीन सारवलेली असेल तर निदान एक खोली तशीच राहू द्या. बाकी ठिकाणी शहाबादी किंवा लाल ऑक्साइडचा कोबा करा. चकचकीत टाइलला पावसात घाम सुटतो आणि म्हातारी माणसं घसरतात.

भिंतीवर थोडंच लावा. सावंतवाडीच्या गंजिफाचे चार-पाच गोल पत्ते एका चौकटीत, साध्या पांढऱ्या भिंतीवर, एवढं पुरेसं असतं. चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे ती ओल्या भिंतीला टेकत नाही. जातं आणि घंगाळ घरात असू द्या, पण जात्यावर काच ठेवून त्याचं टेबल करू नका. जातं फिरायला हवं, मेतकूट त्यावरच दळा.

सगळं मांडून झालं की एक हिशोब करा. गणपतीत माजघरात दोन पंगती बसतील का? सोफा आणि टेबल दोन माणसांना उचलून पडवीत नेता येत नसतील तर ते फार जड आहेत, बदला. आणि रंगाऱ्याला आधीच बजावून ठेवा, की वर माटवी (गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळा-पानांची चौकट) टांगायच्या ज्या कड्या आहेत त्या काढायच्या नाहीत, रंगवायच्याही नाहीत.