पाहुणा लेख देताना: छापायची परवानगी द्या, मालकी नको

दिवाळी अंक असो, रविवारची पुरवणी असो की एखादं पोर्टल, पहिला लेख पाठवला की डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो: घेतील ना? आणि 'घेतोय' असा निरोप आला की पुढचं काही विचारायचं सुचतच नाही. विचारलं तर संपादक दुखावतील असंही वाटतं. बरीच वर्षं मी अशी पाहुणी म्हणून लिहितेय, आणि नीट, वेळेवर विचारलं म्हणून चांगला संपादक रागावल्याचं मला आठवत नाही.

आधी कायद्याचं बघू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेख लिहून झाला की तो तुमचाच. त्यासाठी नोंदणीची गरज नाही. मानधन घेतलं म्हणून हक्क संपादकाकडे जात नाही. तो द्यायचा तर लेखी आणि तुमच्या सहीनिशीच द्यावा लागतो. (पगारी बातमीदाराचं गणित वेगळं, ते इथे नको.) हक्क लिहून दिला पण मुदत घातली नाही, तर तो पाच वर्षांपुरता धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणून कराराचा कागद आला की मी आधी 'सर्व हक्क', 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांत' हे शब्द शोधते. एका पोर्टलच्या करारात हे तिन्ही एकाच ओळीत होते. म्हणजे उद्या त्या लेखाचं ऑडिओ, भाषांतर, पुस्तक, काहीही करायचं तर मलाच त्यांच्याकडे परवानगी मागायला जावं लागलं असतं. ओळ बदलून द्या म्हटलं, त्यांनी दोन दिवसांत दिली.

बहुतेक ठिकाणी करार वगैरे नसतोच, फोनवर ठरतं. अशा वेळी लेख पाठवतानाच मेलमध्ये लिहा: 'हा लेख यंदाच्या दिवाळी अंकात आणि त्याच्या ई-आवृत्तीत प्रथम प्रसिद्ध करण्यास माझी परवानगी आहे. इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील.' मेलवर तारीख असते, त्यामुळे पुढे कुणी लेख उचलला तर पुरावाही हाताशी राहतो. आपल्या बाजूनेही शब्द पाळायचा असतो. अंकाला अप्रकाशित मजकूर हवा असेल तर तो आधी फेसबुकवर टाकू नये, आणि अंक बाजारात असेपर्यंत दुसरीकडे देऊ नये.

संपादक जागेसाठी कापणार, मथळा बदलणार. ते त्यांचं काम आहे आणि पुष्कळदा लेख त्याने सुधारतो. पण नाव गाळलं, किंवा तुमच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मजकुराची मोडतोड केली, तर याच कायद्याचं कलम ५७ तुमच्या बाजूने आहे, हक्क विकून टाकलेला असला तरीही. तरी भांडणापर्यंत जाण्यापेक्षा प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासायची प्रत, मागून घ्या. तेवढी सवय लावून घ्याच.

आता जपणुकीचं. याकडे नव्या लेखकांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. पोर्टलं बंद पडतात. माझे काही लेख असेच गेले असते, पण छापून आल्या दिवशीच पानाची पीडीएफ करून ठेवायची आणि पत्ता वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवून ठेवणारी साइट) जतन करायचा हा माझा नेम आहे. लॉगिनमागचं पान मात्र तिथे सहसा नीट जतन होत नाही, तिथे पीडीएफवरच भिस्त.

छापील अंकाची गोष्ट आणखी नाजूक. आपण युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर दिसणाऱ्या मराठीत, पाठवतो, पण अजूनही कितीतरी ठिकाणी पान श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागतं. डीटीपीवाल्याने प्रेमाने 'फायनल फाइल' पाठवली आणि तो फॉन्ट आपल्याकडे नसला, की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसते. कन्व्हर्टर लावला तर रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, 'सूर्य', 'पूर्ण' असे शब्द एकेक करून तपासत बसावं लागतं. म्हणून प्रुफातल्या दुरुस्त्या मी त्याच दिवशी माझ्या युनिकोड प्रतीत हाताने उतरवते. पुढे संग्रह काढायची वेळ आली की हीच प्रत कामी येते. अंकाची लेखक-प्रत मागून घ्या आणि स्कॅन करताना लेखाच्या पानांबरोबर संपादकाचं नाव आणि वर्ष असलेलं पानही घ्या. पुरवणीचा कागद लवकर पिवळा पडतो, त्यात चालढकल नको.

व्हॉट्सअॅपवर लेख नावाशिवाय फिरू लागला तर तो थांबवणं कठीण. पाठवणाऱ्याला मूळ लेखाची लिंक देऊन 'हा माझा आहे, नाव टाकाल का?' एवढंच विचारा. बहुतेक लोक टाकतात.

कोणता लेख कुठे, कधी, कोणत्या परवानगीने दिला आणि मानधन आलं का, याची एक वही ठेवा. आणि ती वही नि फोल्डर कुठे आहे हे घरात कुणाला तरी सांगून ठेवा, कारण कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो आणि तेव्हा परवानगी मागणारा माणूस घरच्यांच्याच दारात येतो.