गाडीची कॅन बस वाचताना या चुका टाळा

मोटारीतील इंजिन, ब्रेक, एअरबॅग, डॅशबोर्ड अशा निरनिराळ्या भागांचे नियंत्रक ज्या दोन तारांवरून एकमेकांना संदेश पाठवतात, ती कॅन बस बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणली. या तारांवरचे संदेश वाचणे आता खर्चाचे काम राहिलेले नाही. कॅनचे संदेश हाताळणाऱ्या एमसीपी२५१५ चिपचे एखादे मॉड्यूल आणि आर्डुइनो किंवा रास्पबेरी पाय यांसारखा छोटा संगणकीय बोर्ड एवढ्या सामग्रीवर सुरुवात करता येते. अडचणी येतात त्या बहुधा एकाच गैरसमजातून. आपण केवळ ऐकणार आहोत, तेव्हा गाडीला आपला उपद्रव होण्याचे कारण नाही, असे जोडणी करणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात बसला जोडलेले प्रत्येक उपकरण विद्युतदृष्ट्या त्या बसचा भाग बनते, आणि नेहमीच्या मोडमध्ये असेल तर इतरांच्या संदेशांत हस्तक्षेपही करते.

पहिली चूक: तिसरा टर्मिनेटर

कॅन बसच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध, म्हणजे टर्मिनेटर, असतो आणि तो गाडीत आधीपासूनच बसवलेला असतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मॉड्यूलवरही असाच एक रोध असतो. काही मॉड्यूलवर तो जंपर काढून वेगळा करता येतो, तर काही छोट्या बोर्डांवर तो थेट झाळलेला असल्यामुळे काढून टाकावा लागतो. टेबलावर दोनच नोड (बसला जोडलेली उपकरणे) जोडून प्रयोग करताना हा रोध हवा असतो, परंतु तेच मॉड्यूल तसेच गाडीला जोडले की बसवर तिसरा टर्मिनेटर येतो.

याची परीक्षा मल्टीमीटरने होते. इग्निशन बंद करून, सर्व नियंत्रक झोपी जाईपर्यंत काही मिनिटे थांबून, ओबीडी पोर्टच्या (गाडीतील दोष तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीच्या) पिन ६ आणि पिन १४, म्हणजे कॅनच्या दोन तारा, यांमधील रोध मोजावा. ६० ओहमच्या आसपासचा आकडा ठीक समजावा. १२० ओहम आल्यास एक टोक तुटलेले किंवा एक रोध गायब आहे, आणि ४० ओहम आल्यास आपला रोध तिथे तिसरा म्हणून बसला आहे. हा आकडा मॉड्यूल जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर असा दोनदा घेणे श्रेयस्कर आहे, कारण पोर्टवरील तारा गेटवेपाशीच (पोर्ट आणि आतील बस यांमधल्या नियंत्रकापाशीच) संपत असलेल्या गाडीत मुळातला आकडाच वेगळा असू शकतो.

दुसरी चूक: नेहमीच्या मोडमध्ये चुकीचा बिटरेट

सर्वांत अधिक नुकसान याच चुकीने होते, म्हणून तिच्यामागचे कारण नीट समजून घ्यावे. कॅनमध्ये प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे एका संदेशाच्या, शेवटी पोचपावतीसाठी एक बिट राखलेला असतो आणि फ्रेम बरोबर मिळालेले नोड तो बिट खाली ओढून पावती देतात. ज्या नोडला फ्रेम सदोष वाटते, तो लागोपाठ सहा प्रभावी (इतरांच्या बिटांवर मात करणारे) बिट पाठवून ती फ्रेम सर्वांसाठीच रद्द करतो. आता बिटरेट (सेकंदाला किती बिट जातात तो वेग) जुळत नसून आपले मॉड्यूल २५० किलोबिटवर आणि गाडीची बस ५०० किलोबिटवर चालत असेल, तर गाडीतील प्रत्येक निर्दोष फ्रेम आपल्या मॉड्यूलला सदोष वाटणार आणि ते ती मोडत राहणार. ज्याची फ्रेम मोडली, त्या पाठवणाऱ्या नियंत्रकाचा त्रुटीगणक प्रत्येक वेळी ८ ने वाढतो आणि २५५ च्या पुढे गेला की तो नियंत्रक बसवरून स्वतःला बाजूला करतो. डॅशबोर्डवर एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिनचे दिवे एकदम लागतात ते अनेकदा यामुळेच. चालत्या गाडीत हे घडले तर प्रकरण दिव्यांपुरते मर्यादित राहीलच असे नाही.

उपाय सोपा आहे. अनोळखी बसवर पहिली जोडणी नेहमी लिसन-ओन्ली मोडमध्येच करावी. एमसीपी२५१५ मध्ये हा मोड आहे आणि लिनक्समधील सॉकेटकॅन या कॅन हाताळणाऱ्या प्रणालीतही इंटरफेस सुरू करतानाच तो मागता येतो. या मोडमध्ये मॉड्यूल पावतीही देत नाही आणि त्रुटीही जाहीर करत नाही. मात्र टेबलावर एक नोड पाठवणारा आणि दुसरा लिसन-ओन्ली असा प्रयोग केला, तर पावती देणारा कोणीच नसल्यामुळे पाठवणारा तीच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. तो बिघाड समजून मॉड्यूल बदलत बसू नये.

बिटरेटचा आकडा बरोबर लिहूनही तो चुकण्याचे एक कारण स्फटिकात दडलेले असते. स्वस्त एमसीपी२५१५ मॉड्यूलवर बहुधा ८ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो, तर कित्येक नमुना प्रोग्राम १६ मेगाहर्ट्झ गृहीत धरतात. अशा वेळी आपण ५०० मागितले तरी मॉड्यूल प्रत्यक्षात २५० वर चालते. स्फटिकाच्या पत्र्यावर छापलेला आकडा वाचून तोच प्रोग्राममध्ये किंवा रास्पबेरी पायच्या संरचना फाइलमध्ये द्यावा.

तारा आणि वीजपुरवठा

ओबीडी पोर्टच्या पिन १६ वर बॅटरीचा पुरवठा इग्निशन बंद असतानाही चालू असतो, त्यामुळे जोडलेले उपकरण दिवसेंदिवस तसेच ठेवल्यास बॅटरी उतरते. इंजिन चालू असताना तिथे साधारण १४ व्होल्ट असतात आणि मध्येच त्याहून मोठे झटकेही येतात, म्हणून मोटारीसाठी बनवलेला कन्व्हर्टर आणि फ्यूज यांच्याशिवाय तो पुरवठा वापरू नये. टीजेए१०५० या ट्रान्सीव्हरला (चिप आणि बसच्या तारा यांना जोडणाऱ्या भागाला) ५ व्होल्ट लागतात, तर रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. संपूर्ण मॉड्यूलला ५ व्होल्ट देऊन ते थेट पायला जोडले तर पाय जळण्याचा धोका असतो, आणि सगळ्याला ३.३ दिले तर ट्रान्सीव्हर भरवशाने चालत नाही. मधे व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर घालावा, किंवा ३.३ व्होल्टचाच ट्रान्सीव्हर घ्यावा.

पोर्टपासून मॉड्यूलपर्यंतच्या तारा पीळ दिलेल्या आणि आखूड असाव्यात. तारेच्या आवरणाला भोक पाडून जोडणी करणे शक्यतो टाळावे, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात अशा भोकातून ओल शिरून तांबे हिरवे पडते आणि काही महिन्यांनी उद्भवणाऱ्या दोषाचे मूळ कोणाच्या लक्षातही येत नाही. एअरबॅगच्या पिवळ्या तारांना हात लावूच नये.

काहीच दिसत नाही, तेव्हा

जोडणी बरोबर, बिटरेट बरोबर, तरीही पडदा कोरा राहिला तर ते नेहमीच आपल्या चुकीचे लक्षण नसते. अमेरिकेत २००८ पासूनच्या मोटारींना ओबीडीसाठी कॅन सक्तीचे झाले, परंतु भारतातील जुन्या गाड्यांत पोर्टचा आकार तोच असूनही आत पिन ७ वरील के-लाइन ही जुन्या पद्धतीची एकतारी जोडणी असू शकते. तिथे ६ आणि १४ वर ऐकण्यासारखे काहीच नसते. याउलट अनेक नव्या गाड्यांत पोर्टच्या मागे गेटवे बसवलेला असतो आणि तो आतील वाहतूक बाहेर येऊ देत नाही, केवळ विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतो. असा प्रश्न ७डीएफ या ओळखक्रमांकावर विचारला जातो आणि इंजिनाचे उत्तर सहसा ७ई८ वर येते. काही गाड्या मात्र २९ बिटांचे ओळखक्रमांक वापरतात, तेव्हा ११ बिटांपुरताच फिल्टर लावून बसू नये. प्रश्न विचारायचा म्हणजे लिसन-ओन्ली मोड सोडावा लागतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. बिटरेटची खात्री झाल्यावर, गाडी उभी असतानाच ते करावे.

संदेश दिसतात पण मध्येच गळतात, ही तक्रार वेगळी आहे. ५०० किलोबिटच्या पूर्ण भरलेल्या बसवर सेकंदाला सुमारे चार हजार फ्रेम मावतात. ओबीडी पोर्टमध्ये लावायचा ईएलएम३२७ प्रकारचा अडॅप्टर ३८४०० बॉडच्या सिरियल जोडणीवर त्यांतल्या जेमतेम दीडशे-दोनशे पुढे पाठवू शकतो. एमसीपी२५१५ मध्येही येणाऱ्या फ्रेमसाठी दोनच बफर (तात्पुरत्या साठवणीच्या जागा) आहेत, त्यामुळे प्रत्येक फ्रेम आली की लगेच छापत बसणारा आर्डुइनो प्रोग्राम हमखास मागे पडतो. सगळे पाहण्याचा हट्ट सोडून चिपमधील फिल्टरने मोजके ओळखक्रमांक निवडावेत.

अर्थ लावताना

सतत बदलणारा बाइट म्हणजे महत्त्वाची माहिती, असा नवख्यांचा समज असतो. पुष्कळदा तो निव्वळ क्रमगणक किंवा संदेश शाबूत आहे का हे तपासणारा चेकसम निघतो. ब्रेक दाबणे, दार उघडणे यांसारखी एकच कृती अनेकदा करून जो बिट दर वेळी तिच्याबरोबरच बदलतो तोच खरा मानावा. दोन बाइटांत पसरलेल्या आकड्यात कोणता बाइट आधी धरायचा हे उत्पादकानुसार बदलते. क्रम उलटा धरला तर वेग वाढताना आकडा मध्येच उड्या मारतो, आणि ती खूण ओळखायला सोपी आहे.

आरपीएमचा पडताळा पीआयडी (ओबीडीवर विचारायच्या माहितीचा क्रमांक) ०सी च्या उत्तराशी घ्यावा: पहिला बाइट गुणिले २५६, अधिक दुसरा बाइट, आणि बेरीज भागिले ४. वेगाच्या बाबतीत डॅशबोर्डच्या काट्याशी आकडा जुळवून गुणक ठरवणे ही मात्र शेवटपर्यंत छळणारी चूक आहे. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा नियम असल्यामुळे उत्पादक तो मुद्दाम थोडा जास्त ठेवतात, आणि बसवरील मूल्य त्याच्याहून कमी असू शकते. मोकळ्या सरळ रस्त्यावर, लॅपटॉप शेजारच्या सीटवरील माणसाच्या हाती देऊन, ते मूल्य जीपीएसशी आणि वेग थेट किलोमीटरमध्ये सांगणाऱ्या पीआयडी ०डी शी ताडून पाहावे.