डिक्कीच्या चाबीला घरच्या घरी नॉब लावताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

आधी हे नॉब प्रकरण काय ते सांगतो. ज्यांच्या बाईकला मागे टॉप बॉक्स आहे किंवा दोन्ही बाजूंना पॅनियर म्हणजे सामानाच्या पेट्या आहेत (आमच्या इंदूरात या सगळ्यालाच डिक्की म्हणतात) त्यांना ठाऊक असेल की दिवसातून दहादा ती चिमुकली चाबी खिशातून काढा, हातमोजा काढा, भोक शोधा, फिरवा, परत लावा, परत खिशात टाका, आणि सिमरोलच्या घाटात धो धो पाऊस सुरू झालाय नि रेनकोट नेमका डिक्कीत आहे अशा वेळी तर चाबी हमखास जीन्सच्या तळाशी जाऊन बसलेली असते. म्हणून लोक काय करतात, एका ड्युप्लिकेट चाबीच्या डोक्यावर छोटा नॉब बसवतात, प्रवासात ती चाबी कुलपातच राहू देतात, आणि दोन बोटांनी फिरवली की डिक्की उघडी. रात्री हॉटेलवर पोचलो की नॉब उपसायचा आणि खिशात.

काम दीडशे-दोनशे रुपयांचं आणि एका रविवारचं. पण बिघडायला वाव भरपूर.

माझा पहिला नॉब म्हणजे पाइपची गळती थांबवायला वापरतात ना ती दोन गोळ्या मळून करायची पुट्टी, तिचा गोळा होता, दिसायला अगदी बुंदीचा लाडू. मांडूला निघालो होतो पावसाळ्यात, मानपूरच्या जवळपास चहाला थांबलो, नॉब फिरवला, नॉब छान फिरला, चाबी जागच्या जागी. आत रेनकोट, पंक्चर किट आणि धारच्या आत्यासाठी घेतलेली किलोभर शेव. ओरिजनल चाबी घरी, देव्हाऱ्याखालच्या खणात. पुढचं सगळं त्या दिवसापासून शिकलेलं आहे.

कुठल्या चाबीचा नॉब करताय ते आधी बघा

ही चूक सगळ्यात महाग. काही गाड्यांना कंपनीचीच डिक्की येते आणि तिचं कुलूप इग्निशनच्या चाबीनेच उघडतं, एक चाबी सगळीकडे. सोय म्हणून छान आहे, पण त्या चाबीची ड्युप्लिकेट करून नॉब लावला आणि राजवाड्यासमोर गाडी उभी करून सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला गेलात तर तुम्ही गाडीची चाबी गाडीलाच लटकवून गेलात असा त्याचा अर्थ. नॉब ही चाबीच आहे हे डोक्यातून जातं, कारण ती आता चाबीसारखी दिसत नाही. वेगळ्या चाबीची डिक्की असेल तरच या भानगडीत पडा. आणि तेव्हाही गाडीपासून लांब जाताना नॉब काढूनच जायचं.

उलट कोणी इग्निशनच्या चाबीलाच जाडजूड नॉब लावायचं म्हणत असेल तर त्याला हात जोडून थांबवा. अमेरिकेत २०१४ साली जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषापायी लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या, स्विच इतका हलका फिरायचा की चाबीच्या जुडग्याचं वजन आणि रस्त्यातला धक्का एवढ्यावर चालती गाडी बंद पडायची, एअरबॅगही उघडायची नाही, माणसं गेली त्यात. ती चारचाकी होती हे खरं, पण चाबीवर वजन टांगलं की स्विचवर ताण येतो, तो दोन चाकांवरही येतोच.

चाबी करून घेताना

ड्युप्लिकेटची ड्युप्लिकेट काढू नका. प्रत्येक कॉपीत दाते थोडे थोडे घसरतात, आणि डिक्कीची कुलपं लहान असतात, त्यांना तेवढा फरकही खटकतो. ओरिजनल घेऊन जा, दोन कॉप्या करा, त्या दोन्ही आधी नॉबशिवाय आठवडाभर वापरा, जी लोण्यासारखी फिरते तिचाच नॉब करा. मी हे केलं नव्हतं, आधी नॉब चिकटवला आणि मग कळलं की चाबीच अडकतेय. चाबीवाले काका म्हणाले होते, भिया पहले लगा के देख लो, मी म्हटलं घाई आहे.

चाबीच्या डोक्यावर किंवा कुलपाच्या तोंडावर बारीक नंबर असतो बऱ्याचदा, तो लिहून ठेवा. पुढे सगळं हरवलं तर त्या नंबरावरून चाबी मिळण्याची शक्यता असते. घासायला घेतलं की तो नंबर पहिल्या पाच मिनिटांत जातो.

चिकटवण्याचं प्रकरण, इथेच नव्वद टक्के नॉब मरतात

हा आकडा माझ्या अंदाजाचा, पण माझ्या ओळखीतल्या सगळ्या मेलेल्या नॉबांचं कारण एकच निघालं, चाबी आणि नॉब एकमेकांना सोडून फिरले.

इन्स्टंट गोंद, तो थेंबभर टाकला की बोटं चिकटवणारा, या कामाला नाहीच. वाळल्यावर तो कडक आणि ठिसूळ होतो, सरळ ओढलं तर धरून ठेवतो पण पिळलं, धक्के बसले, ऊन लागलं की टचकन सुटतो. वर पांढरी राख फासल्यासारखे डाग पडतात ते वेगळंच.

दोन ट्यूबवालं इपॉक्सी घ्या, आणि त्यातही पाच मिनिटांत घट्ट होणारं घेऊ नका, रात्रभर लागणारं घ्या. आता त्यातल्या चुका. एक, घाईला आलेला माणूस हार्डनर (दोनपैकी घट्ट करणारी ट्यूब) जास्त टाकतो, त्याला वाटतं लवकर वाळेल. इपॉक्सी वाळत नाही हो, दोन्ही भागांची आपसात रासायनिक क्रिया होते, एक भाग जास्त झाला की तो उरतो आणि सगळा गोळा चिकट, रबरासारखा राहतो, वर्षभर ठेवलात तरी. पाकिटावर जे प्रमाण असेल तेच. दोन, इंदूरात जानेवारीच्या रात्री जेव्हा पारा दहाच्या आसपास जातो तेव्हा इपॉक्सी फार सावकाश जमतं, सकाळी बोटाने दाबून बघितलं, ठीक वाटलं, लावलं आणि संध्याकाळी नॉब हातात. थंडीत स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर ठेवा आणि पूर्ण चोवीस तास हात लावू नका. तीन, चाबी चकचकीत आहे तशीच चिकटवणं. पितळेच्या चाबीवर बहुतेकदा निकेलचा मुलामा असतो, शिवाय चाबीवाल्याचं तेल. ते गुळगुळीत अंग गोंदाला धरत नाही. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने डोकं खरखरीत करायचं, पितळेचा पिवळा रंग दिसेपर्यंत, मग थिनर किंवा स्पिरिटने पुसायचं आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही.

पण खरं सांगू का, नुसत्या गोंदावर विसंबायचंच नाही. चाबीच्या डोक्यातलं जे कडी घालायचं भोक असतं ते लोक दिसायला बरं नाही म्हणून कापून टाकतात, मीही टाकलं होतं, आणि तेच तर सोनं आहे. इपॉक्सी त्या भोकातून आरपार गेलं की आत एक खुंटी तयार होते, मग गोंद सुटला तरी चाबी फिरू शकत नाही. आणखी दोन भोकं पाडा, तीन मिलिमीटरची. पितळ ड्रिलला एकदम खेचतं आणि चाबी हातातून भिरभिरते, त्यामुळे पंचाने खूण करून, पक्कड-शिकंज्यात धरूनच. हातात धरून ड्रिल केलं त्या माणसाच्या अंगठ्याला चार टाके आहेत, नाव नको, मेहुणा आहे.

कोणी म्हणेल डाख देतो. साध्या सोल्डरिंगने चालेल, तेवढ्या उष्णतेने चाबीला काही होत नाही. पण गॅसच्या टॉर्चने लाल होईपर्यंत तापवून पक्कं झाळायला गेलात तर पितळ मऊ पडतं आणि तीच चाबी मग कुलपात जलेबीसारखी पिळते.

नॉब कशाचा

थ्रीडी प्रिंटवाली मंडळी हल्ली वाढलीत. दिसायला सुंदर होतात नॉब, रंग पण हवा तो. फक्त पीएलए नावाच्या साध्या प्लास्टिकचा प्रिंट काढू नका, ते साठ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे हवेचंच तापमान ४२-४३, त्यात दुपारी उन्हात उभ्या काळ्या डिक्कीला हात लावून बघा, भाजेल. पीईटीजी सांगा, ते ऐंशीपर्यंत टिकतं. एबीएस त्याहून वर, शंभरच्या पलीकडे.

माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरचा नॉब. तो मोठ्या काळ्या डब्याचा रेग्युलेटर आठवतो ना, आजोळी भिंतीवर असायचा, त्याचा बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचा नॉब. बॅकेलाइट उष्णतेने वितळत नाही, कडेला खाचा असतात म्हणून ओल्या हातातून सटकत नाही, आणि भंगारात पाच-दहा रुपयांत मिळतो. त्याचं भोक साधारण सहा मिलिमीटरचं असतं आणि चाबी दोनेक मिलिमीटर जाड, त्यामुळे आधी कानशीने चाबीचं डोकं त्यात मावेल असं अरुंद करायचं आणि उरलेली जागा इपॉक्सीने भरायची. डोकं अरुंद करताना कडीचं भोक गेलं तर बाजूंना कानशीने खाचा करा, काम तेच होतं. बॅकेलाइट जमिनीवर आपटलं तर मात्र फुटतं, म्हणून दोन घेऊन ठेवा.

आकार आवरा. पाच सेंटीमीटरचा राजेशाही नॉब लावायचा मोह होतो. चाबीचं डोकं दोन-अडीच सेंटीमीटर असतं त्याला कारण आहे, तेवढ्यात बोटांचा जोर पात्याला सोसवेल इतकाच पडतो. डोकं दुप्पट रुंद केलं की त्याच बोटांचा पीळ दुप्पट, आणि कुलूप थोडं अडलं तरी तुम्हाला कळतच नाही, पातं तुटल्यावरच कळतं. तीन सेंटीमीटर पुरे. आणि नॉब एका बाजूला जड नको, नाहीतर खड्ड्यांमध्ये हलून हलून स्वतःच फिरतो आणि डिक्की बायपासवर उघडते. जाडीसुद्धा कमी ठेवा, साइडच्या पॅनियरचा नॉब बाहेर आला की गल्लीत शेजारच्या स्कूटरला घासतो किंवा पाय टाकताना पँटला अडकतो.

खांद्याची एक मिलिमीटर

चाबीचं डोकं संपतं आणि पातं सुरू होतं तिथे जो टप्पा असतो त्याला मी खांदा म्हणतो. चाबी आत किती जाणार ते तो ठरवतो, खांदा कुलपाला टेकला की आतले सगळे पत्ते (कुलपातल्या बारीक सरकत्या पट्ट्या) ओळीत आलेले असतात. नॉब जर खांद्याच्या पुढे आला, अगदी मिलिमीटरभर, तर नॉब आधी टेकतो, चाबी पूर्ण आत जात नाही, आणि कुलूप कधी उघडतं कधी नाही. माणूस मग कुलपाला शिव्या घालतो. नॉब आणि कुलपाच्या तोंडामध्ये दीड-दोन मिलिमीटर फट राहू द्या, चिकटवताना पुठ्ठ्याचा तुकडा पात्यावर ओवून ठेवला की आपोआप राहते. आणि चाबी कुलपात घालून तिथेच जागेवर चिकटवायची हुशारी करू नका, सरळ बसेल म्हणून, इपॉक्सी ओघळून आत गेलं की नवीन कुलूप. पात्यावर सेलोटेप गुंडाळा, खांद्यापाशी व्हॅसलीन लावा, आणि टेबलावर काम करा.

नॉब फिरतो पण डिक्की उघडत नाही

आधी ओरिजनल चाबी लावून बघा. ती पण अडतेय म्हणजे नॉबचा दोष नाही. बहुतेक वेळा डिक्की कोंबून भरलेली असते, आतलं सामान झाकणाला वर ढकलतं, त्याचा सगळा ताण झाकण धरून ठेवणाऱ्या आकड्यावर येतो आणि चाबीला तो ओढून काढावा लागतो. एका हाताने झाकण दाबा, दुसऱ्याने फिरवा, सुटतं. उज्जैनहून येताना बायकोने दोन शाली जास्त कोंबल्या होत्या आणि मी अर्धा तास कुलूप खोलत बसलो होतो.

ओरिजनल नीट चालते आणि नॉबवाली अडते, तर खांदा बघा, मग दात्यांवरची कूस (कापताना राहिलेली बारीक धार) बघा, बारीक कानस दोनदा फिरवली की जाते. दोन्ही घासत फिरतायत तर धूळ. चाबी कायम आत राहिली की कुलपाच्या तोंडावरचं ते छोटं स्प्रिंगचं झाकण उघडंच राहतं, पाणी-माती आत. खोबरेल किंवा इंजिन ऑइल सोडू नका, महिनाभर बरं वाटतं आणि मग धुळीचा चिखल होतो. ग्रॅफाइट पावडर वापरा, सियागंजात हार्डवेअरवाल्यांकडे विचारा, नसेलच तर मऊ पेन्सिल चाबीच्या दात्यांवर घासून दहा-बारा वेळा आत-बाहेर करा.

उघडं की बंद ते लांबून कळावं म्हणून नॉबवर लाल नेलपेंटचा ठिपका द्या, लेकीच्या डब्यातून मागून घ्या.

पातं आतच तुटलं तर

पहिली गोष्ट, तुटक्या तुकड्याला इन्स्टंट गोंद लावून ओढायचा व्हिडिओ बघितला असेल तर विसरा, गोंद कुलपाला लागतो. दुसरी, कुलूप चाबी ज्या स्थितीत आत जाते त्याच स्थितीत आणावं लागतं, अर्धवट फिरलेलं असेल तर आतले पत्ते तुकड्याला धरून ठेवतात आणि कितीही ओढा, येणार नाही. बारीक स्क्रूड्रायव्हरने हळू फिरवून जागेवर आणा, थोडी ग्रॅफाइट फुंकून घाला, मग लाकूड कापायच्या नक्षीच्या करवतीचं बारीक पातं, दाते बाहेरच्या बाजूला ठेवून, चाबीच्या दात्यांच्या कडेने आत सरकवा, थोडं फिरवून अडकवा आणि ओढा. दोन-चार प्रयत्नांत येतं.

त्या दिवशी मानपूरला मात्र पातं शाबूत होतं, फक्त पुट्टीचा लाडू सुटला होता. चहावाल्याकडून पक्कड घेतली, चाबीचं उरलेलं डोकं पकडीत धरून फिरवलं, डिक्की उघडली. शेवेचं पाकीट फुटलं होतं, रेनकोटच्या खिशातून पुढे दोन आठवडे शेव निघत होती.